जुन्या इंग्रजीतला ‘मोड्’ मराठीत आणताना: कामाच्या नोंदी

८ जून

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते. ‘द वाँडरर’ ही जुन्या इंग्रजीतली ११५ ओळींची कविता मराठीत आणायची, आणि तीही मूळ ओळींवरून, आजच्या इंग्रजी भाषांतरांवरून नाही. कविता एक्सेटर बुक नावाच्या हस्तलिखितात आहे, दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, बिशप लिओफ्रिकनं ते इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या कॅथेड्रलला दिलं (तो १०७२ मध्ये वारला) आणि अजूनही ते तिथंच आहे. कवितेत एक माणूस आहे, त्याचा धनी मेला, सोबतीही गेले, आणि तो बर्फगार समुद्रावर वल्ही मारत नवा धनी शोधत फिरतोय. घडतं एवढंच. बाकी सगळं त्याच्या आत चालतं, आणि त्या ‘आत’साठी कवी जो शब्द पुन्हा पुन्हा घेतो तिथंच काम अडलं.

शब्द आहे मोड्. दुसऱ्या ओळीत येतो, मग १०, १५, १९, ४१, ५१, ५९, ६२, आणि शेवटाकडं १११. कधी सुटा, कधी जोडशब्दात. डिक्शनरीत बघितलं तर मन, अंतःकरण, जीव, हिंमत, तेज, गर्व, माज, आणि निर्जीव वस्तूबद्दल असेल तर भव्यता. एकाच शब्दाखाली. कुणी जुन्या इंग्रजीतून मराठीत काही आणायला बसलं असेल तर हा शब्द त्यांनाही भेटणारच आहे, म्हणून त्याच्यापुरत्या नोंदी वेगळ्या काढतेय.

१० जून

लिपीचं आधी मिटवलं. उच्चारात ओ दीर्घ, शेवटी इंग्रजी डी. देवनागरीत ‘मोद’ लिहिलं तर वाचणाऱ्याला आनंद दिसतो, आणि ‘मोड’ लिहिलं तर मटकी. वाचणारा क्षणभर तिकडं गेला की परत आणायला वाक्य खर्ची पडतं. म्हणून हलंत देऊन ‘मोड्’. दिसायला जरा खटकतं पण खटकलेलं बरं, परका शब्द आहे हे लगेच कळतं.

बाकी अक्षरांचे नियमही आत्ताच ठरवून टाका, नंतर बदलायला फार वेळ जातो. दोन स्वरांमधला एफ हा व्ह सारखा (म्हणून मोड्सेव्हा, मोड्चाच एक जोडशब्द, अर्थ मन), शेवटच्या ‘इग’चा उच्चार ‘इय’ (मोडिय), आणि ई किंवा वाय या स्वरांच्या आधीचा जी बहुतेक वेळा य. यातला वाय म्हणजे ओठ गोल करून म्हटलेला ई, तो देवनागरीत येत नाही, मी ‘यु’ वर भागवलंय.

१५ जून

हत्यारं. बॉसवर्थ-टोलर ही मोठी डिक्शनरी, १८९८ ची, तिला टोलरनं १९२१ मध्ये पुरवणी जोडली. इंटरनेटवर फुकट आहे, प्रागच्या चार्ल्स विद्यापीठानं चढवलेली. टोरांटोला नवी डिक्शनरी चाललीय, फार काटेकोर काम, पण ती अक्षरानुक्रमे निघतेय आणि २०१८ मध्ये आय पर्यंत आली, एम त्याच्या पुढं. त्यामुळं मोड्साठी जुन्या टोलरबाबांवरच भिस्त. टोरांटोवाल्यांनी जमवलेला मजकूरसंग्रह मात्र कामाचा आहे, उरलेलं जुनं इंग्रजी लिखाण जवळपास सगळं त्यात आलं, साधारण तीस लाख शब्द. म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या एका भाषेचं जे काही वाचलंय ते एका माणसाच्या आवाक्यात बसतं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

कवितेची एक छापील, टीपांसह प्रत सेकंडहँड मागवली. पुस्तकापेक्षा पोस्टेज जास्त पडलं. ज्यांना परवडत नसेल त्यांनी नाही मागवली तरी चालेल, मूळ पाठ मोकळा मिळतो, टीपांसाठी एखाद्या कॉलेजच्या लायब्ररीत दोन दुपारी बसा.

२१ जून

सर्चबद्दल सावध करायचंय. त्या मजकूरसंग्रहात नुसतं एम-ओ-डी टाकून शोधलं की आधी ‘मोडोर’ चा ढीग येतो, म्हणजे आई. मग ‘मोड्रिये’ येतं. ते गाळताना थांबून बघितलंच, कारण मोड्रिये म्हणजे आईची बहीण, आणि बापाच्या बहिणीला त्यांच्याकडं वेगळा शब्द होता, ‘फादू’. मामा वेगळा (‘एआम’), काका वेगळा. मावशी, आत्या, मामा, काका, चारही नाती वेगळी. आजच्या इंग्रजीनं हे सगळं आंटी-अंकलमध्ये घालवलं. नातलगांच्या आठवणीवर असलेली कविता मराठीत आणताना याचा उपयोग होणार, असं तेव्हाच वाटलं.

कामाचं एवढंच की विभक्तीची रूपं वेगवेगळी शोधा, मोड्, मोडेस, मोडे, आणि जोडशब्द वेगळे, पहिल्या जागेवरचे आणि शेवटच्या जागेवरचे. शेवटच्या जागेवरचे साध्या सर्चमध्ये सुटतात आणि खरी गंमत त्यांच्यातच आहे.

३० जून

पहिली एक्सेल शीट टाकून दिली. बराच वेळ गेलाय तिच्यात, म्हणून का टाकली ते लिहिते.

कॉलम असे केले होते: ओळ, मूळ शब्द, मराठी अर्थ. प्रत्येक ठिकाणी ‘मराठी अर्थ’ भरायचा, मग त्या कॉलमवर सॉर्ट मारायचं, की आपोआप ‘मन’वाले एकीकडं, ‘हिंमत’वाले एकीकडं, ‘गर्व’वाले एकीकडं. कागदावर झकास दिसतं. पण तो कॉलम भरतानाच उत्तर ठरून जातं, आणि सॉर्ट केल्यावर जे दिसतं ते आपणच भरलेलं असतं, मूळ भाषेबद्दल त्यातून नवं काही कळत नाही. शिवाय एकच ओळ सकाळी वाचली तर ‘मन’ आणि रात्री वाचली तर ‘हिंमत’.

७ जुलै

नवी शीट. यात अर्थाचा कॉलमच नाही. त्याऐवजी: मोड् काय करतो (चढतो, फुगतो, थकतो, अंधारतो), त्याला कुणी काय करतं (बांधतं, रोखतं, सांगतं), आधी कुठलं शब्दयोगी आहे, कशाला जोडलाय, आणि मजकूर लॅटिनवरून आला असेल तर तिथला लॅटिन शब्द. हा शेवटचा कॉलम सोन्यासारखा निघाला. गद्यात भाषांतरं भरपूर आहेत आणि तिथं मोड् कशासाठी वापरला ते समोर दिसतं, अ‍ॅनिमुस, मेन्स (दोन्ही मन), कधी कोर (हृदय) सुद्धा. कवितेत तसला आधार नसतो, तिथं क्रियापदच धरून चालावं लागतं.

आत्तापर्यंत हाती काय लागलं, तर मोड् ही छातीत राहणारी एक गोष्ट आहे जी वर चढते. पुरेशी चढली की माणूस उभा राहतो, जास्त चढली की आवरत नाही, बसली की माणूस खचतो. आपण जे मन, हिंमत, गर्व असे वेगवेगळे अर्थ लावतो ते त्या एकाच गोष्टीची पातळी आहेत. म्हणून एक मराठी शब्द ठरवून सगळीकडं चिकटवणं जमणार नाही, आणि प्रत्येक ठिकाणी मनाला येईल तो शब्द घेणंही बरोबर नाही. प्रत्येक वेळी पातळी बघायची, मग शब्द.

भावकीतल्या भाषाही हेच सांगतात. जर्मन ‘मूट’ आणि डच ‘मूड’ म्हणजे धैर्य, जुन्या नॉर्समध्ये ‘मोदर’ म्हणजे संताप, गॉथिक ‘मोथ्स’ म्हणजे राग. एकाच घरातून निघालेले, कुणी एका पातळीवर स्थिरावलं कुणी दुसऱ्या.

१२ जुलै

एका मित्रानं विचारलं, तू सरळ ‘मूड’ का लिहीत नाहीस? प्रश्न रास्त आहे कारण मोड्चा थेट वंशज म्हणजे आजचा मूड, आणि तो मराठीत केव्हाच घरचा झालाय, मूड नाही, मूड गेला, फार मूडी आहे बाबा. दोन ओळी तसं लिहून बघितलं. चालत नाही. मूड येतो-जातो, हवेसारखा. मोड् माणसाच्या आत कायम असतो, त्याला बांधून ठेवावं लागतं. आणि ‘मूडी’ तर पार उलट्या दिशेला गेला, जुन्या इंग्रजीत ‘मोडिय’ म्हणजे शूर, तेजस्वी, लढाईतल्या वीराचं विशेषण.

(इंग्रजी व्याकरणातला मूड, आज्ञार्थ वगैरेवाला, तो वेगळा शब्द आहे, लॅटिन ‘मोडुस’वरून आलेला. शीटमध्ये मिसळू नका.)

मोडियसाठी मात्र चांगला शब्द सापडला. ६२व्या ओळीत जवान शिलेदार एकाएकी दिवाणखाना सोडून गेले, म्हणजे मेले, त्यांना कवी ‘मोड्ये’ म्हणतो. शूर, धीट, बाणेदार सगळं लावून बघितलं आणि मग ‘मनस्वी’ सुचला. मनस्वी माणूस म्हणजे स्वतःच्या तेजानं चालणारा, कुणापुढं न वाकणारा. आणि ‘मनस्वी राग आला’ म्हणतो तेव्हा तोच शब्द जोर दाखवतो, पातळी वर चढल्याची खूण. शिवाय मनस्वीपणा जरा जास्त झाला की लोक नाक मुरडतात, आणि मोडियचंही तेच झालं, एल्फ्रिक या धर्मगुरूच्या जुन्या इंग्रजी गद्यात ‘मोडिग्नेस’ म्हणजे सरळ गर्व, लॅटिन सुपर्बिया. मनस्वी पक्का.

२० जुलै

इथं बरेच जण फसतील म्हणून सविस्तर.

मन आणि मोड्, दोन्ही म वरून, दोन्ही छोटे, अर्थही लागून. इंग्रजी आणि मराठी लांबची भावंडं आहेत हे माहीत असलं की हात शिवशिवतात, की हा तोच शब्द. तोच नाही. मोड् हा मन् धातूतून आलेला नाही. मन् धातूचा जुन्या इंग्रजीतला शब्द आहे ‘येम्युंड’, ज्याचा आज ‘माइंड’ झाला. आणि येम्युंडचं सगळ्यात जवळचं भारतीय भावंड मन सुद्धा नाही, ते आहे ‘मती’. लॅटिन मेन्स, संस्कृत मति आणि येम्युंड, एकाच साच्यातले. पण कवितेत येम्युंडचा अर्थ बहुतेक वेळा ‘आठवण’.

म्हणजे नात्यानं जो आपला, त्याचा अर्थ आठवण, आणि ज्याचा अर्थ मन, त्याचं आपल्याशी रक्ताचं नातं नाही. हे आधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण ५१व्या ओळीत हे दोघं शेजारीशेजारी बसलेत आणि तिथं गोंधळ झाला तर अख्खी ओळ जाते. त्या ओळीकडं नंतर येते.

२८ जुलै

जोडशब्दांची यादी झाली, पूर्ण देत नाही, हाती लागलेले देते. ‘आनमोड्’ (आन म्हणजे एक), एकदिल, कधी ठाम. ‘ऑरमोड्’, मोड् निघून गेलेला, उमेद हरलेला. ‘थोलेमोड्’, थोलियान म्हणजे सोसणं, म्हणून सोशीक, इथं मराठी शब्दही सोसण्यावरूनच घडलाय. ‘एआथमोड्’, नम्र, शब्दशः सोपा, सहज मोड्. ‘ओव्हरमोड्’ बद्दल स्वतंत्र नोंद लागेल.

दुसऱ्या ओळीतला ‘मोड्चॅआरिय’ बरेच दिवस ‘चिंताग्रस्त’ असा पडून होता आणि वाचताना दर वेळी सरकारी अर्ज वाचल्यासारखं व्हायचं. चॅआरिय मध्ये काळजी आणि दुःख दोन्ही आहेत. शेवटी ‘जिवाला घोर लागलेला’. इथं मोड् झाला जीव, आणि मला ते मान्य आहे, कारण मराठीत घोर मनाला लागत नाही, जिवालाच लागतो.

५९व्या ओळीत तो म्हणतो, या जगाचा विचार करताना माझा मोड्सेव्हा काळा कसा पडत नाही कळत नाही. क्रियापद अंधार होण्याचं आहे. ‘माझं मन अंधारून कसं येत नाही’, आभाळ अंधारून येतं तसं. पहिल्याच बैठकीत आलं, परत हात लावला नाही.

५ ऑगस्ट

छातीचं प्रकरण. १३ आणि १४व्या ओळीत तो म्हणतो की थोर माणसाची रीत अशी, की आपला ‘फेर्थलोका’ घट्ट बांधून ठेवावा, आपली ‘होर्डकोव्हा’ राखावी, मग आत काहीही विचार करो. लोका म्हणजे बंद जागा, कडीकुलपातली, होर्डकोव्हा म्हणजे धनाची खोली, आणि १८व्या ओळीत ‘ब्रेओस्टकोव्हा’ येतो, छातीतली खोली. हे अलंकार म्हणून नुसतं म्हटलेलं नाही. लेस्ली लॉकेट यांचं २०११ चं मोठं काम याच्यावर आहे, त्यांचं म्हणणं असं की त्या लोकांच्या सर्वसाधारण समजुतीत मन खरोखरच छातीत होतं, भावना तापल्या की ते तिथं उकळायचं, फुगायचं, छातीवर दाब द्यायचं.

मराठीत मी आधी लिहिलं ‘मनातलं पोटात ठेवावं’. अस्सल आहे, आत्यानं वाचल्यावर लगेच मान हलवली. पण मराठीत गुपित पोटात राहतं आणि अपराधही पोटातच घालतात, म्हणजे ती ओळ छातीतून खाली उतरली. मग पुढं मोड् फुगतो तेव्हा काय करायचं? पोट फुगलं म्हटलं तर संपलंच. काढून टाकलं.

छाती घेतली तर ‘तेवढी छाती आहे का’ मधली हिंमत आधी येते. मग आत्याच म्हणाली, “अगं, ऊर घे की. ऊर भरून येतो, ऊर फुटतो, उरात काय काय साठतं.” आणि खरंच, ऊर भरून येणं म्हणजे लॉकेटबाईंनी अख्ख्या पुस्तकात जे मांडलंय तेच, आत काहीतरी चढतं आणि वरपर्यंत येतं. ‘उराची कोठी राखावी, उराला कडी घालावी’ असं केलं. कोठीत धान्यही असतं आणि ठेवणीतलं धनही, होर्डकोव्हाला पुरतं.

ज्यांच्या घरात किंवा ओळखीत मागच्या पिढीतलं कुणी वाचून दाखवायला तयार असेल त्यांनी हे नक्की करा. डिक्शनरीत ‘ऊर’ मला दिसलाच होता, पण तो तिथं छातीचा समानार्थी म्हणून निपचित पडलेला होता.

९ ऑगस्ट

१९ ते २१, मोड्सेव्हाला बेड्या. ‘मनाला बेड्या ठोकाव्या लागल्या’ लिहिलं आणि ते पेपरातली बातमी वाटायला लागलं, आरोपीला बेड्या. ‘मन साखळदंडानं जखडून ठेवलं’ केलं. बरं आहे, अजून पूर्ण समाधान नाही.

या ओळी आपल्याला सोप्या जातात त्याचं कारण मात्र लिहायला हवं. माल्कम गॉडन यांचा १९८५ चा निबंध आहे, त्यात त्यांनी दाखवलंय की कवितांमध्ये मोड् म्हणजे ‘मी’ नव्हे, मी वेगळा आणि मोड् वेगळा, मी त्याला आवरतो नाहीतर तो मला ओढून नेतो. इंग्रजी वाचकाला हे समजावून सांगावं लागतं. मराठीत लहानपणी ‘मना सज्जना’ म्हणत वाढलेल्या माणसाला मनाशी बोलणं, मनाला दटावणं, मनाला वळण लावणं यात काही विचित्र वाटत नाही. बोएथियस या रोमन तत्त्ववेत्त्याच्या लॅटिन ग्रंथाचं जे जुनं इंग्रजी रूप आहे, परंपरेनं आल्फ्रेड राजाच्या नावावर असलेलं, त्यात तर मूळ लेखकाच्या ‘मी’च्या जागी बऱ्याच ठिकाणी ‘मोड्’ हेच पात्र उभं केलंय आणि शहाणपण त्याच्याशी बोलतं. रामदासांच्या वाचकाला याची प्रस्तावना लागत नाही.

४१वी ओळ यातच उरकते. ‘थिन्केथ हिम ऑन मोडे’, त्याला मनात वाटतं. त्यांचंही ‘त्याला’, आपलंही ‘त्याला’, आजचं इंग्रजी इथं अडखळतं कारण तिथं ‘तो समजतो’ असं काहीतरी वळण घ्यावं लागतं. आपण जसंच्या तसं.

२४ ऑगस्ट

ओव्हरमोड्. हा ‘वाँडरर’मध्ये नाही, पण मोड्ची वरची टोकाची पातळी समजल्याशिवाय मधल्या पातळ्या ठरत नाहीत म्हणून ‘मॉल्डनची लढाई’ ही जुन्या इंग्रजीतली दुसरी कविता उघडली. ऑगस्ट ९९१, एसेक्समध्ये ब्लॅकवॉटर नदीचं मुख, व्हायकिंग एका बेटावर, मध्ये भरतीला बुडणारी वाट. एसेक्सचा सरदार बिर्टनोथ त्यांना वाट मोकळी करून देतो, ते अलीकडं येतात, लढाई होते, तो मारला जातो. ८९व्या ओळीत कवी कारण देतो: ‘फॉर हिस ओव्हरमोडे’. कवितेचं हस्तलिखित १७३१ च्या आगीत जळालं, त्याआधी कुणीतरी नक्कल करून ठेवली होती आणि ती १७२६ मध्ये छापलीही होती म्हणून ३२५ ओळी उरल्या, सुरुवात आणि शेवट नाही.

या एका शब्दावर केवढी भांडणं झालीत. तो दोष आहे की कौतुक? टोल्किननं १९५३ मध्ये ठामपणे दोष म्हटलं. हेल्मुट ग्नॉइसनं १९७६ मध्ये हा शब्द आणखी कुठं कुठं येतो ते तपासलं, आणि तिथं तो गर्वाच्या अर्थानंच दिसतो, देवाशी बंड करणाऱ्या दूताबद्दल सुद्धा. मला हा पुरावा पटतो. कौतुक म्हणणारे लढाईच्या प्रसंगावरून बोलतात, शब्दाच्या वापरावरून नाही.

मराठीत ‘गर्व’ लिहिलं तर कीर्तनातला होतो, ‘माज’ लिहिलं तर शिवी, आणि कवी या माणसाचा आदर करतोय. ‘फाजील आत्मविश्वास’ क्रिकेटच्या बातमीत शोभेल. ‘ताठ्यापायी’ केलं. ‘पायी’ मध्ये दोष ठेवलाय आणि हळहळही आहे, अमक्यापायी घर गेलं म्हणतो तसं.

आणि मग त्याच कवितेच्या शेवटाकडं, ३१२-३१३, म्हातारा बिर्टवोल्ड उरलेल्यांना म्हणतो ते वाक्य. त्यात आतल्या गोष्टींचे तीन शब्द ओळीनं येतात, ह्यूये, हेओर्टे, मोड्, आणि चौथा मॅयन, म्हणजे अंगातलं बळ. माझं आत्ताचं रूप:

निश्चय अजून कडक, काळीज अजून धीट,
उभारी अजून मोठी, बळ जसजसं घटेल.

इथं मोड् म्हणजे उभारी. ८९ला ताठा, ३१३ला उभारी. दोन्ही शब्द उभं राहण्याचे आहेत हे लिहून झाल्यावर ध्यानात आलं, आणि जुलैत जी पातळीची गोष्ट नोंदवली होती ती मराठीनं स्वतःच्या हिशेबानं खरी करून दिली याचा मला फार आनंद झाला.

३ सप्टेंबर

‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्यातलं एक प्रकरण, लांबवत नाही. १९३१व्या ओळीत एका क्रूर राणीचा उल्लेख येतो आणि तिथं ‘मोड् थ्र्यूदो’ अशी अक्षरं आहेत. हस्तलिखितात विशेषनामाला मोठं अक्षर देण्याची पद्धत नाही. त्यामुळं कुणी म्हणतं राणीचं नाव मोड्थ्र्यूथ, कुणी म्हणतं नाव थ्र्यूथ आणि मोड् वेगळा, कुणी म्हणतं हे नावच नाही, ‘मनाचा जोर, उद्दामपणा’ असं सामान्यनाम आहे आणि नाव पुढच्या शब्दात आहे. शीटमध्ये ही ओळ वेगळ्या रंगात ठेवलीय आणि कुठल्याही मोजणीत धरलेली नाही. तुम्हीही धरू नका.

१७ सप्टेंबर

५१वी ओळ. सगळ्यात जास्त वेळ हिनं घेतला.

मूळ: ‘थॉने मागा येम्युंड मोड् येऑन्डह्वेओर्व्हेथ’. मागा म्हणजे नातलगांचं. येम्युंड आठवण. मोड् मन. क्रियापद म्हणजे सगळीकडून फिरून येतं, हिंडतं. प्रसंग असा की तो समुद्रावर अर्धवट झोपेतून जागा झालाय, स्वप्नात धन्याला मिठी मारली होती, डोळे उघडले तर समोर समुद्रपक्षी पंख पसरून आंघोळ करतायत, बर्फ आणि गारा पडतायत. आणि तेव्हा हे.

आता कोण कुणात फिरतं? आठवण मनातून फिरते, की मन आठवणीतून फिरतं? येम्युंड आणि मोड् या दोन्ही शब्दांचं कर्त्याचं आणि कर्माचं रूप सारखंच. व्याकरण दोन्हीकडं मोकळं. पुढच्या ओळीत ‘आनंदानं साद घालतं, आतुरतेनं न्याहाळतं’ अशी क्रियापदं आहेत, त्यावरून मन कर्ता असावं असं वाटतं, पण आठवणीलाच जिवंत धरलं तर तीही साद घालू शकते. इंग्रजी भाषांतरकाराला एक बाजू घ्यावीच लागते, तिथं शब्दांचा क्रमच कर्ता ठरवतो.

मी आधी बाजू घेतली. ‘आठवण मनात फिरते’. मग उलटी घेतली, ‘मन आठवणींतून फिरतं’. दोन्ही नीट आहेत आणि दोन्हीत काहीतरी कमी आहे. ‘मनात’ मधला तो त काढला पाहिजे हे दिसत होतं, म्हणजे फिरणं सोडून असं क्रियापद हवं जे सरळ कर्म घेतं. ‘धुंडाळणं’ सापडलं. ‘आठवण मन धुंडाळते’. निर्जीवाला ‘ला’ लावायची गरज नाही, मराठीत चालतं.

आणि इथं एक अडचण आली तीच शेवटी उत्तर झाली. मी बोलीत लिहीत होते, सगळ्या कवितेत ‘फिरतं, अंधारतं, वाटतं’. बोलीत मन ‘धुंडाळतं’ आणि आठवण ‘धुंडाळते’, क्रियापदाच्या टोकावर लिंग दिसतं, की संपलं, कर्ता उघडा पडला. पण छापील प्रमाण मराठीत नपुंसकलिंगालाही ‘ते’च असतं, मन धुंडाळते, आठवण धुंडाळते, दोन्ही एकच. म्हणजे जुनं लेखी रूप वापरलं की कर्ता झाकलेला राहतो, अगदी मूळासारखा.

मग म चा अनुप्रास. मूळ ओळीत तीनदा म आहे, मागा, येम्युंडमधला म्यु, मोड्, ओळ त्याच्यावरच तोललेली. ‘मागच्या माणसांची’ घेतलं, मागं राहिलेली आपली माणसं, आणि आठवणीऐवजी ‘सय’, कारण एका अक्षरासारखी लहान आहे आणि तिनं ओळ दमत नाही.

मागच्या माणसांची सय मन धुंडाळते.

सय मन धुंडाळते, की मन सय धुंडाळते. आत्याला काही न सांगता वाचायला दिली, तिनं एक अर्थ घेतला, तिच्या शेजारणीनं दुसरा. दोघींना आपापला अर्थ सरळ वाटला.

यासाठी एक किंमत मोजावी लागते: बाकी कविता बोलीत आणि ही एक ओळ ‘ते’वाली. ते खटकू नये म्हणून ५० ते ५५ सगळ्याच ओळी लेखी रूपात नेल्या. स्वप्नानंतरचा भाग आहे, सूर जरा बदलला तर शोभतो.

२ ऑक्टोबर

१५वी ओळ बदलली. ‘थकलेलं मन दैवापुढं टिकत नाही’ होतं, ‘शिणलेलं मन दैवाला अडवत नाही’ केलं. थकवा एका रात्रीत जातो, शीण साठत जातो. ‘दैव’साठी मूळात जो शब्द आहे, व्यूर्ड, त्याच्यावर अशीच वही लागेल, आत्ता हात घालत नाही.

पूर्ण मसुदा प्रिंट काढून स्पायरल केला. डाव्या पानावर मूळ, उजव्या पानावर मराठी, असा काढा, दोन पानं शेजारी असली की गाळलेला शब्द लगेच दिसतो, स्क्रीनवर दिसत नाही.

१९ ऑक्टोबर

१११, शेवटचा मोड्. ‘स्वा क्वॅथ स्नॉटोर ऑन मोडे, येसॅट हिम सुंडोर अ‍ॅट रूने.’ असं बोलला शहाणा, ऑन मोडे, बसला वेगळा, रूने करत. रूने म्हणजे गुप्त विचार, सल्लामसलत, यासाठी ‘गूज’ आपल्याकडं तयारच आहे.

प्रश्न ‘ऑन मोडे’ कुणाला लावायचं याचा. ‘मनानं शहाणा’ की ‘मनात बोलला’? दुसरं घेतलं तर आत्तापर्यंतची सगळी कविता त्यानं मोठ्यानं म्हटलेलीच नाही, आतल्या आत चाललेली होती, आणि तेराव्या ओळीत जी रीत सांगितली, की उराला कडी घालावी, ती त्यानं शेवटपर्यंत पाळली. मला हा अर्थ जास्त जवळचा वाटतो, पण ओळ तेवढंच म्हणत नाही, आणि माझ्या आवडीसाठी दुसरा अर्थ बुजवायचा नाही हे ५१व्या ओळीनंतर ठरलेलं आहे.

मराठीत ‘मनात’ दोघांच्या मधोमध ठेवला की काम होतं:

असं बोलला मनात जाणता, बसून वेगळा आपल्याच गुजात.

बोलला मनात, किंवा मनात जाणता. वाचताना श्वास कुठं घेतला त्यावर.

फाइल टाइपसेटिंगला दिली. सोबतच्या कागदावर तीन सूचना आहेत: ‘मोड्’चा हलंत काढू नये, ५० ते ५५ या ओळींतली ‘ते’ची रूपं ‘तं’ करू नयेत, आणि १११व्या ओळीत ‘मनात’च्या आधी किंवा नंतर स्वल्पविराम घालू नये.